उभं राहायची खोड

"अहो, उठू नका! बसा म्हणते ना, बसूनच राहा."

आई ओरडत होती. शेजारच्या खोल्यांत सगळे नातेवाईक आपापल्या माणसाला उठा, उठा म्हणून विनवत होते, कुणी नवस बोलत होतं, आणि आमच्या खोलीत माझी आई नवऱ्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून त्यांना खाटेवर दाबत होती. काही उपयोग झाला नाही. दारात मोठे डॉक्टर दिसले होते. बाबांनी उजव्या हाताने खाटेची कड धरली, डावा पाय शिलाई मशीनसारखा थरथरला, आणि पंधरा दिवसांपूर्वी अर्धांगवायूने आडवा केलेला माणूस ताठ उभा राहिला. वर सलामही केला.

"कैसे हैं साब?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुआ है आपकी. बिलकुल ठीक हूँ."

डॉक्टरांनी हातातल्या छापील फॉर्मवर दोन चौकोनांत खुणा केल्या. आधाराशिवाय उभे राहतात : होय. तक्रार : नाही. "शुक्रवारी घरी न्या," असं आम्हाला सांगून ते पुढच्या खोलीकडे वळले. त्यांची पाठ दिसेनाशी झाली तसे बाबा खाटेवर कोसळले, आणि पुढचे दोन तास त्यांना डोळेसुद्धा उघडवले नाहीत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. देश नुकताच उघडला होता आणि उघडलेल्या दारातून आमच्या हैदराबादेत काचेच्या इमारती शिरल्या होत्या. हे इस्पितळ त्यातलंच. आत शिरताच कारंजं, लिफ्टमध्ये सतार, आणि दरवाजावरचा पहारेकरी इतका रुबाबदार की पहिल्या दिवशी बाबा त्यालाही सलाम करायला व्हीलचेअरमधून उठू पाहत होते. कुणाला बरं व्हायला किती दिवस लागतील, हे इथे कॉम्प्युटर ठरवायचा. बाबांना त्याने आधी पाच आठवडे सांगितले होते. फॉर्म चांगले यायला लागले तसं त्याचं मन बदललं.

आमचं घर कोठी नावाच्या बाजारपेठेत, एका पुस्तकांच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याला अडतीस पायऱ्या. एरवी मी साठ सांगते, पण इथे बापाचा प्रश्न आहे म्हणून खरं सांगते, अडतीसच. चढताना कठडा डाव्या हाताला, उजवीकडे नुसती भिंत. आणि बाबांचा डावा हात तेव्हा ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. शुक्रवारी नेलं असतं तर चौघांनी खुर्चीत घालून वर चढवलं असतं, आणि मग ते कायमचे वरच राहिले असते. नाहीतर एक दिवस कुणाला न सांगता उतरायला गेले असते आणि जिन्यात पडले असते. सावरायला आई, ती अंगाने चिमणीएवढी. आणखी तीन आठवडे मिळाले तर पायऱ्या शिकवूनच सोडते, असं फिजिओथेरपीची मुलगी म्हणाली होती. आम्हाला तेवढेच तीन आठवडे हवे होते.

बाबांचा गुन्हा एवढाच की त्यांनी छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, आणि तीही जुन्या हैदराबादी रिवाजात. साहेब आले की उठायचं, हाल विचारले की ठीक म्हणायचं. साहेबांचा फोन ते उभ्याने घेत. बदलून गेलेल्या साहेबांचं पत्र उभ्याने वाचत. एकदा आबिड्सच्या बाजारात साहेबांची मोटार उभी दिसली, आत फक्त कुत्रा होता, तर बाबा हॉटेलातला भरलेला चहा सोडून उठले. आई सांगते, शेवटी त्या कुत्र्यालाच संकोच वाटला आणि त्याने तोंड फिरवलं.

मी तेव्हा शाळेत शिकवत होते, म्हणजे ओरडण्याचा पगारी अनुभव होता. गेले डॉक्टरांच्या केबिनमध्ये. पुढचं सगळं बोलणं अर्धं उर्दूत, अर्धं तेलुगूत झालं. मराठीत आणल्यावर थोडं सभ्य झालं आहे.

"डॉक्टर, ते तुम्हाला बघून उभे राहतात. ती तब्येत नाही, ती नोकरी आहे."

"कारण काही का असेना मॅडम, स्नायू त्यांचेच आहेत ना?"

"आणि जिना?"

"परवा तीन पायऱ्या चढले की." फिजिओथेरपीच्या खोलीत लाकडाच्या तीन पायऱ्या होत्या, दोन्हीकडे कठडे असलेल्या.

"वर तुम्ही उभे होता म्हणून चढले. आमच्याकडे अडतीस आहेत."

"तीन जमल्या की अडतीस जमतात. त्याच त्याच तर असतात."

"मग तुम्ही आमच्याकडे राहायलाच या. रोज अडतिसाव्या पायरीवर उभं राहायचं. जेवणखाण आमच्याकडे."

यानंतर माझा आवाज जरासा चढला. सिकंदराबाद स्टेशनात सुटलेली गाडी शिट्टी समजून पुन्हा थांबली असं लोक सांगतात. मी सांगत नाही. पण बाहेर खोली बघायला आलेलं एक श्रीमंत कुटुंब उठून उभं राहिलं, हे मी स्वतः पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं.

"तुमचं म्हणणं काय आहे?" त्यांनी दार लावत विचारलं.

"तुम्ही नसताना त्यांना तपासा."

"मी नसताना मी कसा तपासणार?"

"पडद्यामागून."

अमेरिकेत शिकून आलेला माणूस. तिकडे हे शिकवलेलं नसावं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरंच आमच्या खोलीतल्या हिरव्या पडद्यामागे जाऊन उभे राहिले. मग फिजिओथेरपीच्या मुलीने आईच्या आणि माझ्या मदतीने बाबांना अंघोळीहून आणून खुर्चीत बसवलं.

"तातगारू, उठा बघू," ती म्हणाली. म्हातारी माणसं तिच्या लेखी सगळीच आजोबा.

"थोड्या वेळानं, अम्मा."

"बाबा, उठा ना," मी म्हटलं.

"तू आधी पेपर दे इकडे."

आई म्हणाली, "अहो, उठा आता." पंधरा दिवसांत ती पहिल्यांदाच उठा म्हणाली, आणि तिच्या शब्दाखातर त्यांनी खरोखर जोर लावला. दात आवळले, मान लाल झाली. वीतभर वर आले आणि खाली बसले. पुन्हा आले, पुन्हा बसले. डावा पाय जमिनीवर नुसता घसरत होता. मला वाईट वाटत होतं आणि मनात मी तीन आठवडे जिंकले होते.

तेवढ्यात बाबांची नजर खाली गेली. पडद्याखालून दोन चकचकीत काळे बूट दिसत होते. आईने ती नजर पाहिली आणि धावली, पण उशीर झाला. बाबा उभे राहिले होते.

या वेळी धरायला खाटेची कड नव्हती. सलामासाठी उजवा हात कपाळापर्यंत गेला आणि डावा गुडघा मुडपला. पडदा कड्यांसकट खाली आला आणि डॉक्टरांनी बाबांना दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. बाबांचं सगळं वजन त्यांच्यावर आलं. डावी बाजू किती रिकामी आहे हे फॉर्मला कळलं नव्हतं. ते त्या माणसाच्या खांद्याला कळलं. बराच वेळ ते तसेच उभे होते, आणि त्यांच्या छातीवर डोकं टेकलेले बाबा म्हणत होते, "माफ कीजिए साब. बिलकुल ठीक हूँ."

बाबांना खुर्चीत बसवल्यावर डॉक्टरांनी फॉर्म काढला, त्या दोन चौकोनांतल्या खुणा खोडल्या आणि तीन आठवडे लिहिले. कारणासाठी चौकोन नव्हता, म्हणून समासात हाताने लिहिलं : डॉक्टर समोर असताना केलेली तपासणी धरू नये.

ते गेल्यावर मी बाबांना झापलं. गुडघ्यावर आई बर्फ धरून बसली होती.

"हाड मोडलं असतं म्हणजे? एवढं सगळं मी जमवून आणलं होतं. दोन मिनिटं नुसतं बसून राहायला तुमचं काय जात होतं?"

बाबांनी पेपरची घडी उलगडली.

"साहेब उभे होते. खुर्ची एकच होती."