तीन खिशांची पँट आणि शनिवारची शाळा

शाळेतल्या कपाटांच्या डोक्यावर जुने तक्ते साठतात ना, तसे हे किस्से साठतात. कुणी ठेवले ते आठवत नाही, काढायला कुणाला वेळ नसतो, आणि कधीतरी एक ओढायला जावं तर सगळेच अंगावर येतात! आज एक ओढतोय. बाकीचे आले तर सांभाळून घ्या.

मी बदलापूर गावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिका जोगबाईंनी, एक योजना काढली. नववी-दहावीच्या मुलांनी दर शनिवारी वर्गात न बसता आसपासच्या कारखान्यात, दुकानात, सोसायटीत जाऊन काम शिकायचं. नाव ‘शनिवारची शाळा’. आणि तिचा प्रमुख कोण? मी! का? तर स्टाफमध्ये स्कूटर फक्त माझ्याकडे होती. बाकी सगळ्यांकडे अक्कल होती, त्यामुळे ते मीटिंगला आलेच नव्हते.

*

पहिलं काम, कारखानदारांना पटवायचं. बाईंनी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका मॅनेजरांना पत्र पाठवलं. पण शाळेच्या कॉम्प्युटरवर पत्राचा नमुना एकच, स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्यांचा!

साहेब सूट घालून आले. आम्हीही सवयीने शाल-श्रीफळ दिलं, मुलींनी स्वागतगीत म्हटलं, साहेबांनी ‘विद्यार्थी आणि शिस्त’ यावर पाऊण तास भाषण केलं, पोहे खाल्ले आणि गेले. ‘आमची मुलं घ्याल का?’ हे विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या साहेबांचंही तेच. तिसऱ्यांचंही तेच. चौथे साहेब पोह्यांवर लिंबू पिळत असताना आमचे शिपाई रघुनाथमामा माझ्या कानाशी आले आणि सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल असं कुजबुजले,

“सर, ही शेवटची शाल होती. आता तरी विचारा!”

हे चौथे साहेब म्हणजे दातार. यंत्रांचे सुटे भाग बनवणारे. ते हसत सुटले आणि तिथल्या तिथे ‘हो’ म्हणाले. सहा मुलं शनिवारी यायची. त्यातली दोन दहावीनंतर ते शिकाऊ म्हणून घेणार आणि पुढे डिप्लोमालाही तेच पाठवणार. सगळं छान. फक्त जाता जाता म्हणाले, “मुलगेच पाठवा हं. मुलींचं आमच्याकडे जमणार नाही.”

आणि दाराबाहेर सुवर्णा उभी होती.

*

सुवर्णा भोईर म्हणजे काय चीज आहे, ते सांगतो. शाळेच्या पाण्याचा पंप बंद पडला की आम्ही आधी सुवर्णाला बोलवायचो, मग इलेक्ट्रिशियनला. इलेक्ट्रिशियन येऊन बघायचा आणि म्हणायचा, “कोणी केलं? बरोबर केलंय,” आणि चहा पिऊन जायचा.

एकदा तिने माझी स्कूटर उघडली. आतलं काहीतरी बाहेर काढलं, पुसलं, परत घातलं. माझी स्कूटर इतक्या वर्षांत पहिल्या किकला कधीच सुरू झाली नव्हती. त्या दिवशी झाली! मला ते कळलंच नाही. मी सवयीने पुढच्या अकरा किक मारत राहिलो!

तिचे वडील टेम्पो चालवतात. मला म्हणाले, “सर, पोरगी हुशार हाय, माला म्हायती हाय. पन दहावी झाली का मामाच्या दुकानात काउंटरला बसवनार. चिखलोलीला मोबाइलची कव्हरं इकतो तो. तुमी तिला कुठं मशिनीवर लावलीत, तर मी आडवा नाय येनार.”

सुवर्णा शेजारीच होती. म्हणाली, “सर, कव्हर लावायला काय शिकायचं असतं? मला आतला मोबाइल उघडायचाय.”

म्हणजे दहावीच्या आत तिला दातारांच्या कारखान्यात घुसवणं आलं. आणि तिथे तर दार बंद.

*

तोवर बाकीची गाडी चालू झाली होती. मुलांचा दातारांकडचा पहिला शनिवार.

आमच्या शाळेत कोणीही मोठं माणूस दिसलं की उभं राहून ‘न-म-स्ते-सर’ असं एका सुरात म्हणायचं असतं. कारखान्यात फोरमन गायकवाड राउंडला निघाले. सहाही मुलं काम सोडून उभी. “न-म-स्ते-सर!” गायकवाड खूश. पाच मिनिटांनी परत आले. “न-म-स्ते-सर!” ते स्क्रू घ्यायला गेले, नमस्ते. बदलायला गेले, नमस्ते. दुपारपर्यंत गायकवाड टॉयलेटला जायला शेडच्या मागून लांबचा वळसा घालायला लागले!

शेवटी हात जोडून मला म्हणाले, “सर, यांना सांगा, माझ्याबद्दलचा आदर पोचला. आता थोडा आराम द्या त्याला.”

*

उल्हासनगरला लछूअंकल. जीन्स शिवायचा कारखाना, मन मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यांच्याकडे आमचा ओंकार.

आता शाळेचा एक कायदा सांगितला पाहिजे. जोगबाईंचा नियम असा, की चूक झाली तर दुरुस्ती तीन वेळा लिहायची आणि खाली पालकांची सही आणायची. पाचवीपासून दहावीपर्यंत कुणालाही माफी नाही. पाचवीच्या वह्या तपासायला बाई दहावीच्या मुलींना बसवतात, त्यामुळे तो शेरा त्यांच्याही हातात बसलेला.

तर ओंकारने मागचा खिसा उलटा लावला. लछूअंकल ओरडले, “बेटा, गलत है. परत लाव!” आणि जेवायला गेले.

आले तर पँटला मागे तीन खिसे! एका ओळीत. सुबक. सरळ.

“सरजी!” माझ्या फोनमधून अख्ख्या स्टाफरूमला आवाज. “ये तुमच्या पोराने क्या किया? तीन खिसे?”

मी ओंकारला फोन द्यायला सांगितलं. ओंकार शांतपणे म्हणाला, “सर, दुरुस्ती तीन वेळा ना? आता यावर सही घरून आणायची का अंकलची चालेल?”

पुढचं खरं वाटणार नाही, पण मी शपथेवर सांगतो. दुसऱ्या शनिवारी लछूअंकलचा फोन. “साईं, वो लडका कहाँ है? त्या तीन खिशेवाल्या पँटची दोन डझनची ऑर्डर आली आहे, आणि माझ्या एकाही कारागिराला ती ओळ सरळ जमत नाही!”

ओंकार आता त्यांच्याकडे पॅटर्न कापायला शिकतोय.

*

आणि सुवर्णा? तिला मी नाइलाजाने चिखलोलीच्या एका नव्या सोसायटीत पाठवलं होतं, बागेच्या कामाला. तिने काय करावं? झाडांची हजेरी सुरू केली! शाळेसारखं रजिस्टर, प्रत्येक झाडाला नंबर. महिन्याभराने सोसायटीच्या नोटीस बोर्डवर कागद लागला :

‘अशोक क्र. ४ : गैरहजर. कारण : सेक्रेटरी काकांची नवी गाडी.’

सेक्रेटरी तावातावाने शाळेत आले. सुवर्णाने रजिस्टर उघडून दाखवलं. सोमवारी गाडी दुसरीकडे गेली आणि त्या जागी रोप आलं. सुवर्णाने रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘उशिरा हजर.’

*

मी दातारांकडे पुन्हा पुन्हा जात होतो. प्रत्येक वेळी उत्तर एकच. “सर, माझा विरोध नाही हो. पण बायकांचं टॉयलेटच नाही इथे. मुलगी दिवसभर राहणार कशी?”

अशाच एका शनिवारी केबिनमध्ये त्यांच्या आई बसल्या होत्या. सगळे त्यांना माई म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. दर शनिवारी मशिनांना कुंकू लावायला येतात आणि संध्याकाळी मुलाबरोबर परत जातात. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या,

“अरे, कारखाना काढलास तेव्हापासून मी दर शनिवारी दिवसभर इथे असते. मी कुठे जाते, हे कधी विचारलंस?”

दातारांचा चहाचा कप अर्ध्यात थांबला. “कुठे जातेस?”

“शेजारच्या बिस्किटवाल्यांकडे! त्यांच्याकडे आहे. येताना पुडाही देतात. तुला काय वाटलं, ती बिस्किटं मी विकत आणते?”

दातारांनी कप बशीत ठेवला. मग दातार माझ्याकडे न बघता म्हणाले, “परीक्षा झाली की त्या मुलीला चाचणीला पाठवा. पण जागा दोनच आहेत, आणि चाचणी सगळ्यांना सारखी. सवलत नाही.”

*

चाचणी एप्रिलमधल्या एका शनिवारी झाली. ओंकार उल्हासनगरलाच रमलेला आणि दातारांकडच्या सहांत दहावीचे दोघेच, त्यामुळे ते दोन मुलगे आणि सुवर्णा. तिघांत दोन जागा. बाहेर रस्त्यावर भोईर टेम्पो लावून बसलेले, मी त्यांच्या शेजारी. टेम्पोत मामाच्या दुकानाचं नवं काउंटर बांधलेलं. इथलं नाही जमलं तर सरळ तिकडेच जायचं होतं.

चाचणी सोपी. एका शाफ्टचं, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्याचं, ड्रॉइंग द्यायचं. तीन टप्पे, प्रत्येकाची लांबी लिहिलेली, शेवटी एकूण लांबी. ते बघून लोखंडाच्या दांड्यावर खुणा करायच्या. वर्षानुवर्षं हेच ड्रॉइंग. दातारांनी स्वतःच्या हाताने काढलेलं.

दोन्ही मुलं खुणा करून मोकळी झाली. सुवर्णाच्या दांड्यावर एकही खूण नाही! वेळ संपली. गायकवाडांनी तिचा कागद उचलला, वाचला आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला. ते धावत बाहेर माझ्याकडे आले.

“सर, पोरीने घात केला.”

कागद बघितला. वीस, पस्तीस, पंधरा. एकूण : पंचाहत्तर. त्या पंचाहत्तरला लाल पेन्सिलचा गोल. आणि खाली, पाचवीच्या वह्यांवर लिहितात त्याच वळणदार अक्षरात :

‘बेरीज चुकली. दुरुस्ती तीन वेळा लिहून आणावी. पालकांची सही आवश्यक. – सु. भोईर.’

“हे साहेबांनी बघितलं?” मी विचारलं.

“हातात घेतलं. बघत बसले. मग कागदाचा फोटो काढला आणि ‘निकाल कळवतो’ म्हणून घरी गेले. सर, इतक्या वर्षांत इतकी पोरं आली, सगळ्यांनी शेवटचा टप्पा आपला गुपचूप लांब केला. मीसुद्धा!”

सुवर्णा बाहेर आली. तिला आत्ता कुठे आपण काय लिहिलं ते उमगलं होतं. “सर, हात आपोआप चालला हो!” भोईरांनी टेम्पो सुरू केला. काउंटर मागे खडखडत होतं.

सोमवारी सकाळी मी शाळेत पोचलो तर दातारांचा माणूस पाकीट घेऊन बसलेला. आत वहीचा दुरेघी कागद. त्यावर दातारांच्या अक्षरात :

एकूण लांबी ७० मि.मी.

एकूण लांबी ७० मि.मी.

एकूण लांबी ७० मि.मी.

त्याखाली, ‘पहिल्या जागेवर सु. भोईर. दुसरी जागा मुलांची फेरचाचणी घेऊन. टॉयलेटच्या नवीन दाराला रंग लागतोय, तो वाळला की पाठवा.’

आणि सगळ्यात खाली, थरथरत्या अक्षरात पालकांचा शेरा :

‘बघितले. मुलगा हट्टी आहे, पण मनाने वाईट नाही. आपल्या स्तरावर लक्ष ठेवावे. – माई दातार.’