चौलच्या वळणावरचा दगड

थांबा गुरुजींची सायकल उंचवटा दिसल्याशिवाय थांबत नसे. मैलाचा दगड, देवळाची पायरी, विहिरीचा कठडा, पार, काहीही चाले. पण सपाट रस्त्यावर ती थांबल्याचं मला आठवत नाही. वाटेत कुणी ओळखीचा हात करी, तर गुरुजी घंटी वाजवत त्याला वळसा घालून पुढे जात आणि पुढच्या मैलाच्या दगडाशी थांबून त्याची चौकशी करत. तो बिचारा धापा टाकत तिथवर पळत येई. उंचवटा आला की गुरुजी डावा हात वर करून "थांबा!" म्हणून ओरडत, म्हणून पोरांनी त्यांचं नाव थांबा गुरुजी ठेवलं होतं.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी पेणहून येऊन अलिबागच्या एका शाळेत गणित शिकवायला नुकताच लागलो होतो. गुरुजी इतिहास शिकवत. पन्नाशीला टेकलेले, अंगाने बारीक, उंचीने अगदीच बेताचे. धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी. दर रविवारी सकाळी वरच्या वर्गातली पोरं भाड्याच्या सायकली काढायची आणि गुरुजी त्यांना अक्षी, नागाव, चौल करत रेवदंड्याच्या किल्ल्यापर्यंत न्यायचे. कुणाची चेन पडली, कुणी पडला, तर बघायला शेवटी मी. गुरुजींनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "अहो गणितवाले," एवढंच.

आता त्या उंचवट्याचं सांगतो. गुरुजी सायकल शिकले चाळिशी उलटल्यावर. चालवायला ती एकदा जमली ती जमलीच, पण पायडलवर एक पाय ठेवून धावत्या सायकलवर टांग मारणं त्यांना जन्मात साधलं नाही. सायकल भली उंच, मध्ये दांडी, त्यात धोतर. शेजारी एखादा दगड असला की त्यावर पाय ठेवून ऐटीत चढायचे, तसेच ऐटीत उतरायचे. आणि ही गोष्ट कुणाला कळू नये म्हणून प्रत्येक दगडापाशी काही ना काही इतिहास सांगायचे. मला हे दुसऱ्याच रविवारी कळलं. पोरांना तर कधीचंच ठाऊक होतं. सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं, म्हणा ना! पण त्यांच्यासमोर कुणी अवाक्षर काढत नसे. गुरुजी माणूसच असे होते, की त्यांचं झाकलेलं झाकलेलंच ठेवावंसं वाटायचं.

आणि शिकवायचे काय सुरेख! रहाट फिरवणाऱ्या बैलाकडे बघता बघता ते चौलच्या बंदरात उतरलेली जुनी गलबतं डोळ्यांपुढे उभी करायचे. "पुस्तक नंतर. आधी दगडाला विचारावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जुन्या दगडाला कुणी हात लावलेला मात्र त्यांना खपत नसे. एकदा रेवदंड्याच्या तटावर वसंत नावाच्या पोराने खिळ्याने स्वतःचं नाव कोरलं. गुरुजींनी त्याला मारलं नाही. सगळ्यांसमोर तटाला हात जोडून, मोठ्याने, "चुकलो, क्षमा करा," असं म्हणायला लावलं. वसंत रडकुंडीला आला. परतताना मी म्हटलं, जरा जास्तच झालं गुरुजी. ते म्हणाले, "दगडाला तोंड नसतं, गणितवाले. म्हणून आपण जास्त जपायचं."

चौलमध्ये शिरताना एका वळणावर चांगुणाआजीचं घर होतं. भातशेती करणारं आगरी कुटुंब; आजी, तिचा मुलगा आणि सून. घरापुढे, रस्त्याला लागून, एक लांबट काळा दगड आडवा पडलेला असे. वरून सपाट, गुरुजींच्या गुडघ्याएवढा. त्यांना तो जणू मापाने घडवून ठेवलेला. किल्ला बघून परतताना शेवटची विश्रांती तिथे. आजीच्या विहिरीचं पाणी प्यायचं, गुरुजींनी चपलेसकट दगडावर पाय ठेवायचा, टांग टाकायची आणि अलिबाग गाठायचं. मीसुद्धा त्यावर कितीदा तरी बूट टेकवून नाडी बांधली असेल.

मी शेवटी असल्यामुळे मला एक गोष्ट दिसायची. आम्ही निघालो की आजी कळशी घेऊन बाहेर यायची आणि तो दगड धुवायची. मी ते गुरुजींना सांगितलं, तर ते इतके खूश झाले की सोमवारी वर्गात त्यावर बोलले. स्वच्छता शिकावी तर चौलच्या त्या आजीकडून, म्हणाले, रस्त्याकडेचा दगडसुद्धा ती धुऊन ठेवते.

पुढे तो रस्ता रुंद करायला काढला. आम्ही एका रविवारी वळणावर पोचलो तर मजुरांनी पहारी लावून तो दगड उपटला होता आणि आंब्याच्या बुंध्याला टेकवून उभा केला होता. दगडाची जमिनीकडची बाजू आता रस्त्याकडे होती. तिच्यावर घोडा कोरला होता. घोड्यावर तलवार उगारलेला माणूस, खाली आडवा पडलेला तोच माणूस आणि अगदी वर चंद्र-सूर्य. लढाईत पडलेल्या माणसाचा वीरगळ होता तो.

उतरायला दगड नव्हता. गुरुजींनी सायकल सरळ कुंपणात घातली, पडले, आणि टोपी न उचलताच धावत आले. पोरांना ओढून जवळ घेतलं, घोडा दाखवला, तलवार दाखवली. मग दारात उभ्या असलेल्या चांगुणाआजीकडे वळले आणि म्हणाले, "आजी, तुमच्या दारात केवढं धन पडलं होतं, तुम्हाला ठाऊक तरी होतं का?"

आजी खाली बघत म्हणाली, "ठावं व्हतं, मास्तर. आमचा बाबा हाय त्यो. बाबा निजलाय, त्याला उठवायचं न्हाय, आसं सासरा सांगायचा."

गुरुजींचा चेहरा बघवेना. त्यांनी दगडाकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे. मग म्हणाले, "मग मला अडवलं का नाही तुम्ही?"

उत्तर सुनेने दिलं. मास्तरच पाय देतात तर त्यांना कोण सांगणार, म्हणाली, म्हणून आय दर आयतवारी तुम्ही गेलात की बाबाला आंघोळ घालायची. आजीने तिला तिथेच दटावलं. आणि मग गुरुजींची समजूत काढायला म्हणून जे बोलली, ते मी अजून विसरलो नाही.

"वायीट वाटून घेऊ नका, मास्तर. बाबा सोता घोडंस्वार व्हता. चढनाऱ्याला खांदा देयाला त्याला कसली लाज?"

गुरुजींनी चपला काढल्या. दगडासमोर उभं राहून हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलो. क्षमा करा." वसंत माझ्या शेजारीच उभा होता. वाटलं, आता हा हसेल. त्याने मान खाली घातली. आम्ही सगळ्यांनीच घातली.

त्या दिवशी गुरुजी चौलपासून अलिबागेपर्यंत सायकल हातात धरून चालत आले. पोरांना मी पुढे पाठवलं आणि त्यांच्याबरोबर चालत राहिलो. ऊन चढलं होतं. वाटेत मैलाचे दगड आले, नागावचा पार आला, ते कुठेच थांबले नाहीत. अक्षीच्या अलीकडे म्हणाले, "मला टांग मारता येत नाही, गणितवाले."

मी म्हटलं, ठाऊक आहे. ते म्हणाले, पोरांना? मी म्हटलं, पोरांनाही.

"म्हणजे तुम्ही सगळे माझा मान राखत होतात," ते म्हणाले. "आणि पाय पडत होता त्या बाबावर."

मला स्वतःचीच लाज वाटली. पोरांमध्ये बसून मी गुरुजींच्या चढण्याच्या नकला केल्या होत्या. त्यांना एकदा बाजूला घेऊन, गुरुजी, मी सायकल धरतो, एवढं म्हणायला मात्र माझी जीभ रेटली नव्हती.

दगड आजीच्या मुलाने आंब्याखालीच नीट उभा केला. रविवारच्या फेऱ्या चालू राहिल्या. फरक इतकाच, की आता गुरुजी वाटेल तिथे उतरत आणि चढताना सरळ सांगत, "धरा रे कुणीतरी, मला चढता येत नाही." चौलचं वळण आलं की लांबूनच उतरायचे, चपला हँडलला अडकवायचे आणि अनवाणी चालत पुढे जायचे. आजी मात्र आम्हाला बघताच आत जाऊन दार लोटून घ्यायची. सुनेला मी एकदा विचारलं. ती म्हणाली, आयला वाटतं तिनं मास्तरांना चारचौघांत लाजवलं, कुठल्या तोंडानं पुढं येऊ म्हणते. गुरुजींना वाटायचं, आजी आपलं तोंड बघत नाही ते योग्यच आहे. दोघंही एकमेकांपुढे शरमेने अर्धी झालेली, आणि मध्ये ते दार. अशी दोन-तीन वर्षं गेली.

गुरुजी निवृत्त झाले आणि मुलीकडे पुण्याला जायला निघाले. जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, चला, एकदा चौलला जाऊन येऊ. आम्ही दोघंच गेलो. वळणावर नेहमीप्रमाणे चपला काढल्या. दार लोटलेलंच होतं. या वेळी ते पुढे गेले नाहीत. अंगणात उभं राहून हाक मारली, "आजी, उद्या मी गाव सोडतोय. पाणी द्याल का?"

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आजी फार थकली होती. तिने तांब्या पुढे केला. गुरुजी तो घेऊन आंब्याखाली गेले, दगडावर पाणी घातलं आणि घोड्याच्या पायांपासून चंद्र-सूर्यापर्यंत हाताने नीट धुऊन काढला. आजी बघत होती. रिकामा तांब्या तिने त्यांच्या हातून घेतला, पुन्हा भरून आणला आणि म्हणाली, "आता तुमी प्या." गुरुजी तिथेच जमिनीवर बसून पाणी प्यायले. आजीही पायरीवर टेकली. पुढे दोघांनी यंदाच्या भाताबद्दल गप्पा मारल्या.

दुसऱ्या दिवशी एस. टी. स्टँडवर त्यांनी सायकल माझ्या हवाली केली. मी म्हटलं, टपावर टाकून न्या की, पुण्यात तर सगळं गावच सायकलवर असतं. चढायला तिथेही दगड मिळतील.

"मिळतील हो," गुरुजी म्हणाले. "पण माझ्यामागे ते धुणारं कुणी नसेल."