शिवलेलं शेवटचं प्रकरण

सुमनअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिनेमाची तिकिटं काढत होते. दोन. तिचा मुलगा, "वैशू, आई गेली," एवढंच बोलला, आणि मला रडू नाही, आधी संताप आला. दोन वर्षं ज्याची वाट बघितली तो सिनेमा आठ दिवसांवर आलेला, आणि ही बाई निघून जाते म्हणजे काय! सहा आठवडे झाले, राग अजून उतरलेला नाही.

पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आले ती राजाजीनगरला तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं. अक्का मूळची निपाणीची, साठी उलटलेली, चिकपेटच्या दुकानांतल्या साड्यांना घरी बसून फॉल लावायची. एकदा माझ्याकडचं एक इंग्रजी पुस्तक तिनं सहज उचललं. पोराटोरांसाठी लिहिलेल्या चार पुस्तकांतलं पहिलं. भिंतीआड कोंडलेलं शहर, पंधराव्या वर्षी सरकार नेमून देईल ते काम जन्मभर करायचं, आणि ते नाकारून पळालेली एक पोरगी. "हिच्या आईच्या जिवाला काय वाटत असंल गं? परत येती का न्हाई ही घरी?" असं म्हणत अक्का त्यात जी अडकली ती अडकलीच. मांडीवर साडी, पाटावर पुस्तक, आणि अडलेल्या शब्दापुढे पेन्सिलीनं मराठी अर्थ.

मग त्यावर सिनेमे आले आणि अक्कानं नियम काढला. पुस्तक वाचायचं, पण शेवटच्या प्रकरणाची पानं सुईदोऱ्यानं शिवून टाकायची. सिनेमा बघून आलं की टाके उसवायचे आणि सिनेमावाल्यांनी कुठे लबाडी केली ते पकडायचं. मी सगळं आधीच वाचून मोकळी झालेली असायचे, तरी तिच्या स्वयंपाकघरात आमचं तासभर कडाक्याचं भांडण व्हायचं.

चौथ्या पुस्तकाचे मात्र त्या शहाण्यांनी दोन सिनेमे केले! पहिल्याच्या शेवटी पोरगी भिंतीच्या दारात उभी, आणि पडद्यावर अंधार. "ही काय रीत झाली? पानावर बसवायचं आणि भात पुढच्या वर्षी वाढतो म्हणायचं?" अक्का भडकली होती. पुढचा भाग लांबत गेला, आणि मधेच तिचं हृदय थकलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी म्हटलं, "अक्का, उसवते. मी वाचून दाखवते."

"नको. स्वल्प दम धर की. नियम म्हंजे नियम."

मला शेवट माहीत होता. येते गं घरी, अक्का... चार शब्द. नाही सांगितले. तिचा नियम पाळण्याचं शहाणपण केलं आणि हात चोळत बसले.

सिनेमाला एकटी गेले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली. आणि काय दाखवावं त्यांनी? पोरगी भिंतीपाशीच मरते! पुस्तकात धडधडीत घरी येते, आणि इथे मारून टाकली. माझ्या तोंडून मोठ्यानं "छे!" निघालं, पुढच्या रांगेतल्यांनी वळून बघितलं. एवढी चिडले होते, पण घरी जाऊन भांडणार कुणाशी?

तिच्या मुलानं ते चौथं पुस्तक मला दिलं होतं. सिनेमाहून आले त्याच दिवशी कात्री घेऊन बसले. पहिलाच टाका कापला आणि बघते तर शेजारी सुईच्या भोकांची आणखी एक ओळ, रिकामी. एकदा उसवून पुन्हा शिवलेलं. आत पानोपानी पेन्सिलीचे अर्थ, अक्षर थरथरतं.

म्हणजे बाई वाचून बसली होती! आणि मला नियम सांगत होती! कशाला, तर सिनेमाला दोघींनी जायचं म्हणून, दुसरं काय. मी इतके दिवस स्वतःला खात होते त्याचं काय? अस्सा राग आला... आणि रडू फुटलं ते तेव्हा.

शेवटच्या ओळीपुढे अर्थ नव्हता. नुसतं लिहिलं होतं, "आली बाई घरी."

मी तिचीच पेन्सिल शोधली आणि खाली लिहिलं, "अक्का, सिनेमात नाही आली."