कुंकवाचं बोट

बोट माझ्या कपाळासमोर आलं, थबकलं आणि शेजारच्या बाईकडे वळलं. इतकं जवळून गेलं, की पोवळ्याच्या अंगठीला चिकटलेला कुंकवाचा कण मला दिसला.

शिवाजी पेठेतल्या एका मंडळाचं सभागृह. ओळीने खुर्च्या, सगळ्या बायका. एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा मुहूर्त होता. वहिनीसाहेब करंडा घेऊन एकेकीला हळदीकुंकू लावत येत होत्या. पेठेत त्यांना सगळे वहिनीसाहेबच म्हणतात. कार्यक्रम त्यांचा, खर्च त्यांचा, माईकही त्यांचाच. मला ओलांडल्यावर त्या वाकून म्हणाल्या, "मॅडम, राहू दे हं. शुभ काम हाय. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय सांगायचं?"

मग माईकवर, "पाच सवाष्णी या की गं पुढं, दिवा लावायला!"

आणि पोरांनो, गाणं कशावर होतं ठाऊक आहे? विधवांवर. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसू नका, शुभकार्यात तिला मागे ढकलू नका, असं सांगणारं. नाव, 'कपाळ माझं हाय'. त्याचं पोस्टर मी करत होते.

कोणी हसलं नाही. मला तेच सगळ्यात जास्त लागलं. एवढी हास्यास्पद गोष्ट डोळ्यांसमोर घडली आणि एकीलाही हसू आलं नाही.

तुम्ही परवा फोनवर विचारलंत, आजी, त्या पोस्टरवरच्या हाताची एवढी चर्चा कशाला? म्हणून क्रमाने लिहिते आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि निवृत्तीपर्यंत शाळेत मुलांना चित्रकला शिकवली. तुमचे आजोबा गेले तेव्हा वाटलं होतं, आपल्याला इंग्रजी येतं, आपल्याशी असं कोणी वागणार नाही. मग तुमच्या बाबांचं लग्न झालं. माझ्या जाऊबाईंनी मला हळूच कोपर धरून खांबामागे उभं केलं. सुनेला दारात ओवाळायला त्या गेल्या. सून माझी. घरातलीच माणसं, चारचौघांत तमाशा नको, म्हणून मी उभी राहिले. खांबाला नवा ऑइलपेंट दिला होता. तो वास अजून नाकात आहे.

आता पोस्टरचं. ते कसं हवं, हे वहिनीसाहेबांनी मुहूर्ताआधीच सांगितलं होतं. "बाई बिच्चारी दिसली पाहिजे, पांढऱ्या साडीतली. आणि तिच्या डोक्यावर माझा हात. हुबेहूब माझाच यायला पाहिजे बरं का. अंगठी दिसू दे. लोकांनी वळखलं पाहिजे की!" हाताचे फोटोसुद्धा पाठवले होते. वरून, खालून, बाजूने. कच्चं चित्र मी तसंच केलं होतं.

मुहूर्ताहून घरी आले. चहा केला. कच्चं चित्र फाडलं, तुकडे रद्दीत ठेवले आणि नवा कागद ताणून लावला.

चेहरे नकोत. फक्त कपाळं, ओळीने. डावीकडच्या कपाळांवर ताजं कुंकू. मधलं कोरं. आणि तो हात, कोऱ्या कपाळावरून निसटून पुढच्या कपाळाकडे निघालेला. मनगटाचा तो वळसा मी पुन्हा पुन्हा काढला. हात नुसता थांबलेला दिसला असता, तर बघणाऱ्याला वाटलं असतं, कुंकू लावणाऱ्या बिचारीला अवघड झालंय. मला तो निघालेला हवा होता. अंगठी हुबेहूब. पोवळं, त्याला धरणारं सोनं, कुंकवाचा कण. फोटो होतेच समोर. इतक्या आनंदाने मी आयुष्यात काही रंगवलं नव्हतं.

चित्र वहिनीसाहेबांच्या फोनवर पाठवलं. लगेच उत्तर, "झकास! मी कुंकू लावताना! हात एक नंबर!"

त्यांनी आपला हात पाहिला. बाकी काही पाहिलंच नाही. आपला हात म्हणजे देणारा हात. तो आणखी काही करत असेल, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही.

फ्लेक्स छापणाऱ्या शब्बीरभाईंनी मात्र चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"काकू, ह्यो हात वहिनीसाहेबांचा न्हवं?"

"हो."

"आणि कुंकू न लावताच निघालाय."

"हो."

"मग ल्हान कशाला? चांगला मोठा काढू की!"

फ्लेक्स चौकात लागला. मी बघायला गेले. भाजीची पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई शेजारी येऊन उभी राहिली. कपाळ कोरं. म्हणाली, "मला बी असंच वलांडत्यात बगा." मग तिची नजर अंगठीवर गेली. तिने ती ओळखली आणि पदर तोंडाला न लावता मोठ्याने हसली. सभागृहात न आलेलं हसू ते हे. दुपारपर्यंत सगळी पेठ हसत होती.

संध्याकाळी वहिनीसाहेब घरी आल्या. बरोबर फोटोग्राफर. हातात तोच करंडा.

"मॅडम, ती अंगठी तेवढी पुसा. पेठेत तोंड दाखवायला जागा न्हाय ठेवली तुम्ही."

"हुबेहूब हवी म्हणाला होतात."

"बरं, राहिलं कुंकू त्या दिवशी. आत्ता लावतो की! ये रे, काढ फोटो. ह्योच टाकू पोस्टरवर."

बोट पुन्हा माझ्या कपाळासमोर आलं. या वेळी थबकलं नाही. मी मनगट धरलं. मऊ होतं.

"वहिनीसाहेब, राहू दे हं," मी म्हणाले. "तुम्हाला काय सांगायचं?"

करंड्याचं झाकण त्यांना नीट लावता येईना. तशाच जिना उतरल्या.

फ्लेक्स त्यांच्या माणसांनी उतरवला. गाण्याला आता दुसरं पोस्टर आहे, सूर्योदयाचं. पण त्या हाताचा फोटो तोवर घरोघरच्या फोनमध्ये गेला होता, तुमच्यापर्यंतसुद्धा पोचला. मूळ चित्र माझ्या कपाटात आहे. माझ्यामागे ते तुमचं. विका, वाटा, भिंतीवर लावा. अंगठी पुसायची नाही.

जाऊबाईंचा निरोप आला होता, या वयात एवढा राग बरा नव्हे, जुनं सगळं सोडून द्यावं. मी सोडणार नाही. कालच नवा कागद ताणला आहे. त्यावर एक खांब आहे, ताज्या ऑइलपेंटचा. त्याच्यामागून एक पदर दिसतो. आणि पुढे, दारात, ओवाळणारे दोन हात. फोटोंची गरज नाही. जाऊबाईंच्या पाटल्या मला पाठ आहेत.