घरचा खेळाडू

आमच्या बुद्धिबळ स्पर्धा मुहूर्त नसलेल्या रविवारी होतात. लग्नाची तारीख असली की उचगावातलं कार्यालय आम्हाला कोण देतंय! त्यामुळे नवं पंचांग आलं की लोक सण बघतात आणि मी मोकळे रविवार शोधतो. स्पर्धा सगळ्यांना खुली. मानांकन असलेली पोरं, कागलच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून तसेच आलेले कामगार, घोडा कसा चालतो ते येताना रिक्षात शिकलेली चिल्लीपिल्ली, सगळी एकाच हॉलमध्ये. शिवाय पालक. पालकांविषयी मी काही बोलत नाही, डॉक्टरांनी बीपी सांभाळायला सांगितलंय.

अशा स्पर्धेत एक भानगड कायमची. खेळाडूंची संख्या विषम झाली की प्रत्येक फेरीत एकजण उरतो. नियमाप्रमाणे त्याला न खेळताच एक गुण द्यायचा. त्याला बाय म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यात मागं पडलेल्याच्या वाट्याला येते. म्हणजे आधीच मार खाल्लेला माणूस आता रिकाम्या खुर्चीपुढं ताटकळत बसणार.

आमच्या हिला ते बघवायचं नाही. "पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि एकट्यालाच पानावर बसवायचं, ही कुठली रीत हो?" म्हणाली, आणि तेवढ्यासाठी खेळ शिकली. मग कुणी उरलं की चहाची किटली बाजूला ठेवून, पदराला हात पुसत ही त्याच्यासमोर जाऊन बसायची. डाव गुणात धरायचा नाही, पण खेळायचा मनापासून. आम्ही तिला घरचा खेळाडू म्हणायचो.

खेळायची यथातथाच. वर एक खोड. समोरचा वजीर माऱ्यात ठेवणार असं दिसलं की ही घसा खाकरायची! मी पंच, मी डोळे वटारायचो. "अगं, हे नियमात बसत नाही." ती पटावरची नजरही न काढता म्हणायची, "मग मला बाहेर काढा."

गेल्या वर्षी ती गेली. मुलगा पुण्याला असतो. फोनवर म्हणतो, "बाबा, बास करा की आता ते बुद्धिबळ." बास करून काय करू? भिंतीशी बोलू? रविवारी निदान हॉलभर माणसं असतात. संध्याकाळी बक्षिसं वाटून झाली की सगळे आपापल्या वाटेनं जातात, मी सोंगट्या पिशव्यांत भरतो आणि घरी येऊन कुलूप काढतो. तेव्हा फार एकटं वाटतं. फार म्हणजे फार.

ती गेल्यावर घरचा खेळाडू मी बंद करून टाकला. एकदोघांनी "आम्ही बसतो की" म्हटलं, त्यांच्यावर खेकसलो. उरला त्याला बाय, विषय संपला.

परवाच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला जयसिंगपूरचे अण्णा उरले. अण्णांचं तिथं वह्या-पेनांचं दुकान आहे. मुलं बाहेरगावी, बायको कधीच गेलेली. दर स्पर्धेला पहिल्या एसटीनं येतात आणि मन लावून हरतात. हिच्याबरोबर त्यांचे कितीतरी डाव झाले होते. दोघं सारखीच वाईट खेळायची, त्यामुळे डाव मोठा रंगायचा.

"अण्णा, तुम्हाला बाय. एक गुण मिळाला. चहा घ्या, निवांत बसा."

"गुणाचं काय लोणचं घालू?" अण्णा म्हणाले. "एवढ्या लांबनं टेबल बघायला आलोय व्हय? माणूस द्या की समोर."

"नियम हाय, अण्णा."

"नियम तवाबी हुता. वैनी बसायच्याच की."

"ती न्हाय आता!" मी ओरडलो. चालू फेरीत, पंच असून. सगळा हॉल वर बघायला लागला. पहिल्या पटावरच्या मुलीनं मलाच "शूऽऽ" केलं.

अण्णा जागचे हलले नाहीत. हळूच म्हणाले, "मला ठावं न्हाय व्हय? तुमी बसा."

बरोबरच्या पंचबाईंना हॉल बघायला सांगितला आणि बसलो. हिच्याच खुर्चीत. वर्षभर मी त्या खुर्चीकडं पाठ करून उभा राहत होतो. अण्णांनी प्यादं सरकवलं, घड्याळ दाबलं आणि माझ्याकडं बघत राहिले.

तसा मी अण्णांना डोळे मिटून हरवीन. पण डोकं कुठं ठिकाणावर होतं? पाच-दहा चालींतच डावाचा पार विचका झाला. कुठंतरी शह देऊन मोकळं व्हावं म्हणून वजिराकडं हात नेला.

अण्णांनी घसा खाकरला.

मी पटाकडं नीट बघितलं. तिथं वजीर गेला असता तर अण्णांच्या उंटानं फुकटात खाल्ला असता. हात मागं घेतला. अण्णा साळसूदपणे आपल्या सोंगट्यांकडं बघत होते.

"अण्णा," मी म्हटलं, "हे नियमात बसत नाही."

"मग मला भाईर काढा," अण्णा म्हणाले.

माझं घड्याळ पळत होतं. मी आधी हसलो, आणि मग त्या खुर्चीत बसून सगळ्यांदेखत रडलो, चांगला हुंदके देऊन. या खेपेला कुणी शूऽऽ केलं नाही.