परत येण्याचा पुरावा

आमचे थोरले साडू हे अख्ख्या वर्धा जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ असतील, ज्यांना परमुलखात शिरण्याचे सगळे नियम तोंडपाठ आहेत आणि स्वतःला मात्र तळेगावाहून वर्ध्यापर्यंत यायचं म्हटलं तरी जिवावर येतं. तळेगाव श्यामजी पंत इथे बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. भांडं विकत घ्या, त्यावर यंत्रानं नाव टाकून घ्या आणि निघा, एवढाच त्यांचा गिऱ्हाइकाशी व्यवहार. दुकानाचा एक नियम मात्र ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही: सेट फोडायचा नाही. सहा पेल्यांतला एक हवा असेल तर पुढच्या दुकानात जा. एकदा प्रत्यक्ष आमच्या सासऱ्यांनी एक पेला मागितला, तर त्यांना पाणी पाजलं, चहा पाजला आणि हात जोडून रवाना केलं. "एक गेला का बाकीचे पाच अनाथ होतेत जी," असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाच्या पोटी प्रणाली जन्मली आणि तिला अमेरिकेला जायचं वेड लागलं. वर्ध्याजवळ सावंगीला फिजिओथेरपी शिकत असताना ती आमच्याकडे नालवाडीला राहायची. त्यामुळे या वेडाची पहिली लागण माझ्याच घरात झाली, हे साडूभाऊ मला अजून ऐकवतात. पुढचं शिक्षण तिकडे घ्यायचं तर काय काय लागतं, हे विचारायला प्रणाली, साडूभाऊ आणि मी असे तिघं नागपूरला एका सल्लागाराकडे गेलो. तो भराभर सांगत होता, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, इंग्रजीची परीक्षा, फी कोण भरणार त्याचे कागद, पांढऱ्या भिंतीपुढचा बिनचष्म्याचा फोटो. प्रवासानं ताप भरलेले साडूभाऊ डोळे मिटून बसले होते. शेवटी तो म्हणाला, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शिकून झाल्यावर तुम्ही आपल्या देशात परत येणार, हे व्हिसाच्या मुलाखतीत तिकडच्या साहेबाला पटवून द्यावं लागतं. तेव्हा साडूभाऊंनी डोळे उघडले. हा नियम त्यांनी दोनदा सांगायला लावला. परतीच्या बसमध्ये कोंढाळी आल्यावर म्हणाले, "साडूभाऊ, हा कायदा कोण्या तरी पोरीच्या बापानंच केला असन."

त्या दिवसापासून त्यांनी पोरीला अडवायचं सोडलं आणि आमच्या घरादाराचा तपासणी-नाका झाला. त्यांचं घर दुकानाच्याच मागे; मी जेवायला गेलो की दुकानाच्या पायरीवरच प्रश्न यायचा, येण्याचा उद्देश काय? जेवण, म्हणालो. किती दिवस मुक्काम? संध्याकाळच्या बसनं जाणार. पुरावा? आता एसटीचं परतीचं तिकीट आदल्या बसमध्ये कोण फाडून देतो? माझ्याकडे पुरावा नाही म्हटल्यावर ते खरोखर दार अडवून उभे राहिले. शेवटी माझ्या मेव्हणीनं आतून ताट आणून ओसरीवर ठेवलं आणि म्हणाली, "या जी तुमी. देल्ला म्या तुमाले विसा." स्वतः ती माहेरी निघाली तरी तिला हेच विचारायचे. मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणून माझ्यावर विशेष राग. नकाशातले एवढे देश पोरांना दाखवता, त्यातल्या एकानं तरी तुम्हाला आत घेतलं असतं का, असं त्यांनी मला चारचौघांत विचारलं. मी मनाशी हिशेब केला; उत्तर शून्य आलं.

फोटोचं प्रकरण तर विचारूच नका. चेहऱ्यावर हसू नको, कान दिसले पाहिजेत, असा नियम. गावातला फोटोवाला लग्नाचे फोटो काढून काढून बिघडलेला, बटण दाबताना त्याच्या तोंडून "थोडं हसा" निघायचंच आणि प्रणाली खुदकन हसायची. साडूभाऊंनी तिला उठवलं, स्वतः त्या स्टुलावर बसले आणि असा चेहरा करून दाखवला, की फोटोवाल्यानं तोच काढून काचेत नमुना म्हणून लावला. पासपोर्टचे फोटो काढायला येणारी माणसं अजून त्यांच्याकडे बघून गंभीर होतात.

मुलाखतीची तालीम दुकानात व्हायची. काचेच्या कपाटातल्या हंड्या बाजूला सारून त्यांनी खिडकी केली होती. ते आत, प्रणाली फाइल घेऊन बाहेर उन्हात, आणि तिच्या मागे रांगेत कुकरची शिट्टी न्यायला आलेल्या बाया. साहेब वऱ्हाडीत विचारायचे, उमेदवार इंग्रजीत उत्तर द्यायची आणि मागच्या बाया मान डोलवायच्या. उत्तर कसंही दिलं तरी साहेब नापास करायचे. पण खरी गंमत त्या फाइलीत होती. परत येण्याचा पुरावा म्हणून सल्लागारानं घरदार, शेती, नातीगोती यांचे कागद जमवायला सांगितले होते. साडूभाऊंनी ते जमवलेच, शिवाय वरच्या फळीवरची भांडी खाली उतरवली. प्रणालीच्या बारशापासून दर दिवाळीला एक नग, असं तिच्या लग्नासाठी साठवलेलं ते सामान. पराती, गंज म्हणजे आमच्याकडची उभी पातेली, पितळी डबे, सहा पेल्यांचा सेट, सगळ्यांवर तिचं नाव. त्यांनी ती सगळी ओसरीवर मांडली, फोटो काढले आणि फाइलीत सगळ्यात वर लावले. मी म्हटलं, साडूभाऊ, अमेरिकेच्या साहेबाला परातीचं काय? ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "ज्या पोरीची एवढी भांडी घरी हायेत, ते जाईन कुठं?"

हे सगळं मी हसत लिहितो आहे, पण आमच्यापैकी कुणाला तेव्हा हसू येत नव्हतं. मुंबईला मुलाखतीला मीच तिच्यासोबत गेलो होतो, कारण साडूभाऊंना प्रवास म्हटला की ताप भरतो. पासपोर्ट खिडकीच्या आत राहिला तर जिंकलं, हातात परत मिळाला तर हरलं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. प्रणाली बाहेर आली तेव्हा पासपोर्ट तिच्या हातात होता. साहेबानं फाइल उघडलीच नव्हती. शिकून परत कशासाठी येशील, एवढंच त्यानं विचारलं. पाठ केलेलं सगळं उत्तर पोरीच्या डोक्यातून उडालं आणि जे घरी रोज ऐकलं होतं तेच तोंडातून गेलं: माझ्या बाबांनी माझ्या नावाची भांडी ठेवली आहेत, सर. साहेब हसला म्हणे, चांगलं हसला, आणि त्यानं नकाराचा छापील कागद दिला. हे साडूभाऊंना फोनवर कसं सांगायचं, याचा विचार करत आम्ही फुटपाथवर बराच वेळ उभे होतो. शेवटी तिनंच सांगितलं. त्यांनी फक्त एकच विचारलं, "अन् हे आयकूनही मानलं नाई त्यानं?"

मग वर्षभर आमच्या दोन्ही घरांत सुतक असल्यासारखं होतं. विद्यापीठानं जागा पुढच्या वर्षापर्यंतच राखली होती. ती गेली की पुन्हा पहिल्यापासून सगळं करण्याची ताकद कुणातच उरली नव्हती. प्रणाली सावंगीत नोकरी करून यायची आणि आमच्या गच्चीवर एकटी बसायची. एकदा म्हणाली, "काका, मी नाई जात आता. बाबाले तुमीच सांगा." मी काही सांगितलं नाही. साडूभाऊंची तालीमही बंद पडली होती. हंड्या जागेवर गेल्या आणि काचेमागे त्यांचा तो फोटोतला चेहरा कायमचा बसला. गिऱ्हाइकाला भाव सांगायचाही त्यांना कंटाळा यायचा. मला खरंच वाटलं, हा माणूस आता यातून वर येत नाही.

जागेची मुदत संपत आली तेव्हा प्रणालीनंच पुन्हा तारीख घेतली आणि दुसऱ्या मुलाखतीला ती एकटी गेली. परत येण्याचं कारण तिला पुन्हा विचारलं आणि तिनं सरळ, कोरडं उत्तर दिलं: इकडे या विषयातली माणसं कमी आहेत, मोठ्या दवाखान्यांत जागा आहेत, शिकून आले तर काम आहे. पासपोर्ट आत राहिला. तळेगावला पेढे वाटले, मेव्हणी रडली, मीही डोळे पुसले. साडूभाऊंनी तिला सगळी मुलाखत शब्दन् शब्द सांगायला लावली. ती संपल्यावर म्हणाले, "घरचं काईच नाई सांगतलं?" ती खाली बघत म्हणाली, "नाई बाबा. मागच्या वक्ती तेच तर चुकलं होतं." त्यांनी मान हलवली आणि शटर ओढायला गेले, दुपारच्या भर बाजारात.

निघायच्या दिवशी मात्र ते तापबीप विसरून नागपूरच्या विमानतळापर्यंत आले. प्रणाली त्यांच्या पाया पडली आणि आपल्यात म्हणतात तसं म्हणाली, "येते बाबा." मी त्यांच्या प्रश्नाची वाट बघत होतो. दोन वर्षांत कुणाचं एक वाक्य त्यांनी पुराव्याशिवाय सोडलं नव्हतं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि तिच्या नावाचा एक पेला काढून तिच्या हातात दिला. "सेट फोडला म्या," ते म्हणाले, "ध्यानात ठेवजो." एवढं सांगून ते रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले.

आता तिचं शिक्षण संपत आलं आहे. फोनवर ती तिकडच्या नोकऱ्यांबद्दल बोलते, हळू बोलते. शिकून झाल्यावर तिथं काही काळ काम करायला परवानगी मिळते, असा एक नियम आहे. मी तो साडूभाऊंना सांगायला गेलो, तर त्यांना तो पहिल्या दिवसापासून पाठ होता. आम्हालाच त्यांनी कधी सांगितला नव्हता. मी बसलो असतानाच एक बाई लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आली. तिची नजर वरच्या फळीवरच्या पाच पेल्यांवर गेली आणि तिनं भाव विचारला. साडूभाऊंनी मान वर न करता, दुसऱ्याच कुणाच्या डब्यावर नाव टाकत सांगितलं, "इकाचे नाई ते, बाई. सहावा येऊन राह्यला." बाई दुसरा सेट बघू लागली. मी पुरावा मागितला नाही.