दुसऱ्या मानाची जोडी

उकंडराव जन्मला तोच मुळी एका लबाडीत. त्याच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, म्हणून हा झाल्या झाल्या आईनं त्याला घटकाभर उकिरड्यावर ठेवलं, सुईणीला मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून परत विकत घेतलं आणि नाव ठेवलं उकंडा. हेतू असा, की यमानं वरून पाहिलंच तर त्याला वाटावं, हा टाकून दिलेला माल दिसतो, कशाला हात खराब करा. यम फसला. पण ज्याचं नावच कोणाला तरी फसवायला ठेवलेलं, त्याला पुढं जन्मभर सगळं जग कोणाला तरी फसवायलाच निघालंय असं वाटत राहिलं, तर त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

कोणी आधी रामराम घातला, की त्याचा हात आपोआप तंबाखूच्या चंचीवर जायचा. साखरखेर्ड्याच्या बाजारात वांगी स्वस्त मिळाली, तर तो ती परत ठेवून यायचा. वैद्यानं पुड्या दिल्या, की पहिली पुडी वैद्यालाच खायला लावायचा. त्याच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा, पोरगी पाहिलेलीच आहे ना, बदलली तर नाही ना, हे त्यानं वाकून नीट पाहून घेतलं आणि मगच माळ घातली. गोजरबाई ही गोष्ट अजून सांगते, आणि सांगताना तिचं लाटणं जरा जोरात फिरतं.

या माणसाचा एकाच गोष्टीवर पक्का विश्वास होता, आणि ती म्हणजे पोळ्यातला त्याचा दुसरा नंबर.

उकंडरावाचं तांबुळखेड साखरखेर्ड्यापासून फार लांब नाही. गावाला काळ्या दगडाची जुनी वेस आहे. दोन्ही अंगांना दगडात कोरलेले दोन वाघ, आणि मधली वाट इतकी अरुंद की एक बैलजोडी जेमतेम जाईल. पोळ्याच्या दिवशी गावातल्या सगळ्या जोड्या सजून वेशीबाहेर उभ्या राहायच्या. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचे. ते तोडून पहिली आत शिरायची रंगराव पाटलाची जोडी. तिच्या मागं उकंडरावाची. तिसरी त्याच्या शेजाऱ्याची, शेषरावाची. मग बाकीचा गाव. उकंडरावाच्या आज्यानं म्हणे कधीकाळी पैनगंगेच्या पुरातून पाटलांची गाडी ओढून काढली होती, तेव्हापासून हा मान घरात होता. पाटलाच्या मानाला निदान खर्च तरी होता. ज्याची जोडी पहिली, त्याच्या अंगणात सगळ्या गुराख्यांची, गड्यांची, बलुतेदारांची पंगत. दुसऱ्या मानाला खर्च काही नाही आणि रुबाब तेवढाच. असा सोन्यासारखा नंबर उकंडराव जिवापाड जपायचा.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुरातून चालायचा. त्या सरकारनं वेशीवर एक पत्र्याची पाटी ठोकली होती: ही जुनी इमारत सरकारी रक्षणात आहे, मोडतोड करील त्याला दंड होईल. पाटी वाचता येणारे गावात थोडे. बाकीच्यांना तिचा उपयोग एवढाच की तिच्या खिळ्याला गुराखी आपली भाकर टांगायचे.

एका हंगामात शेषरावाची कापसाची गाडी वेशीत अशी फसली, की ना पुढं जाईना ना मागं येईना. बाहेरचे बाहेर, आतले आत. कोणाच्या तरी घरी पोरगी पाहायला आलेले पाहुणे उन्हात वाट पाहून कंटाळले आणि परत गेले. ती सोयरीक मोडली ती मोडलीच. शेवटी गाडी रिकामी करावी लागली. शेषराव तसा सरळ माणूस. त्यानं तहसिलीत अर्ज दिला, की वेशीचे दोन्हीकडचे दगड छाटून वाट रुंद करू द्यावी.

अर्जाची बातमी ऐकली आणि उकंडरावाच्या हातातला घास हातातच राहिला.

"कापसाची गाडी म्हन्ते! कापूस निमित्त हाय, गोजरे. डोळा पोळ्यावर हाय त्याचा."

"तुमाले कोनी सांगतलं?"

"कोनीच सांगतलं नाही, म्हनून तं म्हन्तो! खरं असतं तं कोनी ना कोनी बोललं असतं."

त्याचा हिशोब सरळ होता. वेस रुंद झाली, की दोन जोड्या बरोबरीनं आत जाणार. दुसऱ्याच्या अंगाला अंग लावून तिसरा. आणि एकदा बरोबरीनं चालला, की बैलाचं शिंग वीतभर पुढं काढायला काय लागतं? शेषराव दुसरा आणि उकंडराव तिसरा. आज्याची सगळी पैनगंगा पाण्यात!

त्याच दिवशी दुपारी शेषरावाच्या बायकोनं, आशाबाईनं, कढीगोळे पाठवले. उकंडरावानं वाटीकडं असं पाहिलं, जशी ती आत्ता बोलेल.

"आज काऊन?"

"अवो, दर आठ दिवसाले येते काही ना काही," गोजरबाई म्हणाली. "तुमी आज पाह्यलं."

त्यानं पहिला गोळा कुत्र्याला टाकला. कुत्र्यानं खाल्ला, जीभ फिरवली आणि त्याच्या पायाशी येऊन सुखानं झोपलं. उकंडरावानं वाटी दूर सारली. मग हळू आवाजात म्हणाला, "कुत्रंबी फितवलं त्याहीनं."

सरकारचा कायदा असा, की पाटीवाल्या इमारतीला छन्नी लावण्याआधी गावच्या पंचांना विचारायचं. बुलढाण्याहून चिंतामणराव नावाचे ओव्हरसियर चौकशीला येणार होते. रंगराव पाटलानं पाच पंच निवडले आणि त्यात उकंडरावाचं नाव घातलं. हे नाव का घातलं, यावर उकंडरावानं दोन जेवणं सोडून विचार केला. निष्कर्ष निघाला: आपल्याला पंचात बसवून आपलं तोंड बांधायचं आहे.

चौकशीच्या दिवशी चिंतामणराव वेशीच्या देवडीत, म्हणजे पहारेकऱ्याच्या जुन्या ओट्यावर, घोंगडी टाकून बसले. स्वच्छ धोतर, गोल टोपी, बोलणं मऊ. चार पंचांनी सांगितलं, गाड्या अडकतात, वाट रुंद झाली तर बरं. मग ते उकंडरावाकडं वळले.

"तुमचं काय म्हणणं, उकंडराव? अगदी मोकळेपणानं सांगा. मनात काही ठेवू नका."

मोकळेपणानं म्हटल्यावर उकंडरावानं होतं नव्हतं ते दार आतून लावून घेतलं. खरं कारण सांगायची सोय नव्हती. पहिल्या नंबरासाठी डोकी फुटतात हे लोकांना समजतं. दुसऱ्या नंबरासाठी कोणी जीव टाकतो म्हटलं, तर गाव पुढच्या पोळ्यापर्यंत हसला असता. म्हणून तो खाकरला, त्यानं डोळे वेशीच्या माथ्यावर लावले आणि म्हणाला, "साहेब, हे पूर्वजायची निशानी हाय. या दगडाले छन्नी लागन, तं ते माह्या काळजाले लागन."

गाव गार पडला. शेषरावाला मात्र राहवलं नाही.

"काऊन बे उकंड्या? याच दगडावर इळा घासून घासून तू या वाघाचं शेपूट खाल्लं ना?"

"घासत नव्हतो. साफ करत होतो."

"आनि काल त्याच्या तोंडावर तंबाखू थुकला तो?"

"नजर लागू नये म्हनून!"

लोक हसून हसून खाली बसले. पण चिंतामणरावांना हसू आलं नाही. चौकशीसाठी ते इतकी गावं हिंडले, पण जुन्या दगडासाठी काळीज काढून ठेवणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. ते उठले, वेशीभोवती फिरले आणि डावीकडं थांबले. तिथं गावकुसाची मातीची भिंत कधीचीच ढासळून पडलेली होती.

"वेशीला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "पण हा मातीचा ढिगारा काही जुन्या इमारतीत मोडत नाही. तो उपसा आणि गाड्यांना इथून वाट करा. वेसही राहील, कापूसही जाईल. काय शेषराव?"

"हाव, चालते की!" शेषराव लगेच म्हणाला. बाकीच्यांनीही माना हलवल्या.

उकंडराव सावध झाला. माणूस अर्ज करतो, तहसिलीचे खेटे घालतो, आणि मागितलेलं मिळालं नाही तरी हसतमुखानं हो म्हणतो? यात काहीतरी होतं.

"आनि तोरन?" तो घाईनं म्हणाला.

"कसलं तोरण?" चिंतामणरावांनी विचारलं.

पाटील गालात हसले. त्यांना अंदाज आला असावा. "तोरन जुन्या वेशीलेच बांधू, उकंडराव. पोळा याच वेशीतून. माहा शब्द."

झालं. उकंडराव जिंकला. घरी येऊन त्यानं गोजरबाईला विचारलं, "पाटलानं येवढ्या लवकर शब्द काऊन देल्ला असन?"

नवी वाट छान झाली. ऐसपैस, उताराची, दोन गाड्या शेजारून जातील अशी. महिनाभरात सगळा गाव तिकडून जाऊ लागला. पाटलाचे बैलसुद्धा. उकंडराव तेवढा वेशीतून. गाडी अर्धी भरायची, एका खेपेच्या जागी दोन खेपा करायच्या, पण त्या वाटेवर चाक घालायचं नाही. बैलांनाही त्यानं तिकडं कधी तोंड करू दिलं नाही.

"चाल ना बे इकडून," शेषराव रोज हाक मारायचा. "मोकळी वाट हाय."

"मोकळी काऊन हाय, तेच पाहून राह्यलो."

असं करता करता पोळा आला. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून त्यांना जेवणाचं आवतण दिलं. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवली, झुली घातल्या, बाशिंगं बांधली. दुपार कलल्यावर सगळ्या जोड्या वेशीबाहेर उभ्या राहिल्या. पुढं पाटील, मागं उकंडराव, त्यामागं शेषराव. वेशीला तोरण. डफडं वाजायला लागलं. एका टवाळ माणसानं वेशीच्या कट्ट्यावर चढून झडती, म्हणजे पोळ्याचं चिमटे काढणारं गाणं, म्हटली:

"वेस राह्यली जुनी, वाट झाली नवी,
दुसऱ्याची जोडी सांगा कोनामांगं जावी!
हर बोला, हर हर महादेव!"

त्या गजरासरशी पाटलांनी कासरा सैल सोडला. जोडी दोन पावलं वेशीकडं गेली, थबकली, आणि रोजच्या सवयीनं डावीकडं वळून नव्या वाटेनं सरळ घराकडं पळत सुटली. पाटील पागोटं सावरत मागं. बैलाला मान कळत नाही, वाट कळते. पाटलाची जोडी गेली तशी मागची सगळी गेली. घुंगरांचा, घागरमाळांचा नुसता पूर. धूळ खाली बसली तेव्हा वेशीसमोर एकच जोडी उभी होती, आणि ती तोंड वर करून तोरणाकडं पाहत होती.

आतून पाटलांची हाक आली. "उकंडराव, तोडा तोरन! आज पहिला मान तुमचा!"

उकंडराव एक पाऊल मागं सरला. पहिला मान! म्हणजे पंगत! आता कुठं त्याला सगळा डाव दिसला. अर्ज, पंच, ओव्हरसियर, तो चटकन दिलेला शब्द. पाटलाला पंगत उकंडरावाच्या गळ्यात मारायची होती, आणि त्यासाठी अख्खं सरकार बुलढाण्याहून बोलावलं होतं.

"नाही पाटील! पहिले तुमी. मी दुसरा!"

"आमची जोडी तं गोठ्यात पोचली."

"मंग परत आना!"

गोजरबाई वेशीच्या आत ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. "अवो, या ना आता! दिवा विझून राह्यला."

"गोजरे, तू मंधात पडू नको. हे मोठं राजकारन हाय."

पाटील समजूतदार माणूस. ते म्हणाले, "उकंडराव, पंगतीची फिकर करू नका. पंगत आमच्याच घरी होईन."

यानं तर कहरच झाला. आपण पंगतीचं नावही काढलं नाही, मग याला कसं कळलं? उकंडरावानं कासरा हाताला गुंडाळला आणि पाय रोवले. बैल भुकेले. घरच्या पुरणाचा वास वेशीतून येत होता. ते पुढं ओढत होते, हा मागं. लोक आता हसेनासे झाले. सणाच्या दिवशी, सजवलेल्या बैलांसोबत एकटाच उभा राहिलेला माणूस पाहून कोणालाही कसंसंच होईल.

शेषरावालाही झालं. कोणाला न बोलता त्यानं आपली जोडी परत फिरवली, नव्या वाटेनं बाहेर आणली आणि बैलांची वेसण हातात धरून उकंडरावाच्या मागं नेऊन उभी केली.

"चाल बे," तो हळूच म्हणाला. "एकटा काहाले राह्यतं? मी हाय ना तुह्या मांगं. नेहमीसारखा."

उकंडराव मागं वळून पाहणार, तेवढ्यात हातातला कासरा ढिला पडला. बैलांना तेवढंच हवं होतं. जोडी वेशीत घुसली, तोरण तटकन तुटलं आणि पानांसकट उकंडरावाच्या गळ्यात पडलं. डफड्यानं घाई केली. सगळा गाव ओरडला. गोजरबाईनं डोळे पुसत बैलांच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि मग नवऱ्याच्याही लावलं.

"पहिले आले तुमी, धनी."

पण उकंडरावाचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. तो वेशीकडं वळून पाहत होता. वेशीतून, बरोब्बर त्याच्या जोडीच्या मागं, शेषरावाची जोडी डुलत डुलत येत होती, आणि शेषराव हसत होता.

"पाह्यलं?" त्यानं गळ्यातलं तोरण न काढताच गोजरबाईचा हात धरला. "पाह्यलं का तू? मी काय म्हनत होतो? घेतलाच ना शेवटी त्यानं माहा दुसरा नंबर!"

"अवो, पन तुमी पहिले—"

"तेच तं! मले पहिला कोनं केलं?"